सिगारेट ओढणाऱ्या आई-बाबांसाठी संदेश: शब्द कोणते घ्यायचे, पाठवायचे कसे?

ऐरोली_पालकसंघ
नमस्कार. ऐरोलीतल्या एका शाळेच्या पालक-शिक्षक संघाचं काम बघते. शिशुवर्ग ते चौथी, साधारण २४० घरं. बरेच पालक रबाळे-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांत पाळीने कामाला, काही रिक्षा चालवणारे, काही वाशीच्या मार्केटला. जूनमध्ये पहिली पालकसभा आहे. तिथून पुढे तीन आठवडे व्हॉट्सअॅपवर छोटे संदेश पाठवायचे आणि दोन पोस्टर लावायची असं ठरलंय. ज्या घरात बिडी-सिगारेट ओढली जाते तिथल्या माणसाला सोडावीशी वाटावी, एवढाच हेतू.

आत्तापर्यंतचे मसुदे असे आहेत:

१. धूम्रपान म्हणजे मृत्यूला आमंत्रण!
२. तुमच्या प्रत्येक झुरक्याची किंमत तुमचं मूल मोजतंय.
३. बाबा, तुम्हाला मी हवा की सिगारेट? (मुलाचा रडका फोटो)
४. आजच ठाम निश्चय करा, व्यसनमुक्त व्हा.

पोस्टरवर काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र घ्यायचं म्हणतायत. समितीतल्या काहींना वाटतं भीती घातल्याशिवाय कुणी हलत नाही, बाकीच्यांना वाटतं असलं चित्र बघून लोक पुढचं वाचणारच नाहीत. मुलांकडून बाबांना पत्रं लिहून घ्यावीत अशीही सूचना आली आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि संदेश वाचून कुणी खरंच विचारलं, ‘बरं, सोडतो, पण कशी?’ तर आम्ही काय सांगायचं?

समुपदेशक_वाशी
चारही मसुद्यांत एकच गोष्ट राहून गेलीय. वाचून झाल्यावर माणसाने करायचं काय, ते एकातही नाही. बाकीचं त्यानंतर.

‘मृत्यूला आमंत्रण’ हे ओढणाऱ्याला नवं नाही. एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर चित्र आणि इशारा असतो. पाकीट दिवसातून पाच-सात वेळा हातात येतं, त्याला डोळे सरावलेत. तुमचं काळं फुप्फुस त्याहून जास्त काही सांगणार नाही. भीती कधीच लागू पडत नाही असं मात्र नव्हे. भीतीसोबत ‘हे माझ्याच्याने होईल’ हा भरवसा दिला नाही, तर ती उलटते. किम विट या संशोधिकेने १९९२ मध्ये हे नीट मांडलं: धोका मोठा वाटतो पण हातात उपाय दिसत नाही, तेव्हा माणूस धोक्यावर इलाज शोधत नाही, मनातली घालमेल शांत करायला बघतो. ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बिडी ओढत होते’ हे वाक्य तिथूनच येतं. दुसऱ्या मसुद्यालाही हेच लागू. त्यात भर म्हणजे तो दोष देतो आणि तिथेच थांबतो.

तिसरा काढूनच टाका. ‘मी हवा की सिगारेट’ याचं उत्तर त्या बापाला पाठ आहे. तरी सकाळी उठल्या उठल्या हात पाकिटाकडे जातो, कारण रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं आणि रात्रभरात ते पार तळाला गेलेलं असतं. माया कमी पडली म्हणून हात जात नाही. हा प्रश्न वाचून शरम वाटते, आणि शरम वाटलेला माणूस जिन्यात जाऊन आणखी एक पेटवतो. घरात लपवून ओढणारी आई असेल तर तिला याचा दुप्पट त्रास. म्हणून संदेशात ‘बाबा’ न लिहिता ‘तुम्ही’ लिहा.

चौथा दिसायला निरुपद्रवी आहे, पण सगळा भार निश्चयावर टाकतो. सोडल्यावरची चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. हे आधी कुणी सांगितलेलं नसलं की तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो, ‘आपल्यात दमच नाही.’

आता शब्द. ओढणाऱ्या पालकाच्या मनात काळजी आधीपासून असतेच, ती आपण पेरायला जायची गरज नाही. ती ग्यालरीत दिसते. तो दार लोटून बाहेर उभा राहून ओढतो, ते मुलाला धूर लागू नये म्हणूनच. सुरुवात तिथून करा:

«मुलाला धूर लागू नये म्हणून तुम्ही ग्यालरीत उभे राहता. ही काळजी खरी आहे. पण दार लोटलं तरी धूर फटीतून आणि शर्टावरून आत येतो. आजपासून एवढंच ठरवा: आमच्या घराच्या उंबरठ्याआत आणि ग्यालरीत कुणीही ओढणार नाही. पूर्ण सोडायचं मनात असेल तर १८००-११-२३५६ वर बोला, फोन फुकट आहे.»

पहिल्या वाक्यात त्याच्या चांगुलपणाची दखल आहे, मध्ये एकच माहिती आहे, शेवटी आज रात्री करता येईल असं एकच काम आहे. एका संदेशात यापेक्षा जास्त कोंबू नका. ‘हृदयविकार, पक्षाघात, कॅन्सर, दमा’ अशी माळ लावली की एकही लक्षात राहत नाही. फोनच्या पडद्यावर वरच्या पट्टीत पहिले सात-आठ शब्दच दिसतात, म्हणून ‘सुप्रभात पालकहो’ने सुरुवात करायची नाही. ते सात-आठ शब्दच त्याला उघडायला लावतात.

‘उंबरठ्याआत नाही’ हा नियम छोटा वाटेल, पण घर धूरमुक्त झालं की ओढणं आपोआप गैरसोयीचं होतं आणि सोडायचे प्रयत्न वाढतात. लगेच सोडायला तयार नसलेल्यालाही हा पाळता येतो. अशा माणसालाही काहीतरी करायला मिळालं पाहिजे, नाहीतर आपला संदेश फक्त आधीच तयार असलेल्यांसाठी राहतो.

निदान दोन संदेश मिळणाऱ्या गोष्टींचे असू द्या. २० मिनिटांत नाडीचा वेग उतरायला लागतो, एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो, खोकला आणि धाप पहिल्या एक ते नऊ महिन्यांत कमी होतात, वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो. हे तक्त्यासारखं पाठवू नका. «धाप कमी होते. मुलाला सायकल शिकवताना मागे धावताल तेव्हा जाणवेल» असं एका घरगुती क्षणाला बांधा. पैशाचंही तसंच. आकडा तुम्ही सांगू नका, त्याला मांडायला लावा: दिवसाला ५ सिगारेटी, एक २० रुपयांची धरली तर महिन्याला ३,००० रुपये. स्वतः केलेला हिशोब माणूस विसरत नाही.

आणखी एक गट आहे, ‘मी दिवसाला दोनच ओढतो’ म्हणणारा. तुमच्याकडे हाच सगळ्यात मोठा असण्याची शक्यता आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला होता. दिवसाला वीस ओढल्याने हृदयविकाराचा जेवढा धोका वाढतो, त्यातला जवळपास निम्मा धोका दिवसाला एक ओढल्यानेही वाढतो. पण हे सांगताना त्यांना हिणवू नका. «दोनच ओढता? मग शून्य फक्त दोन पावलांवर आहे.» एवढं पुरे.

बालविभाग_परिचारिका_ठाणे
वरचं सगळं पटलं. मुलांच्या बाजूचे तपशील मी देते, कारण संदेशात एक जरी गोष्ट वाढवून लिहिली आणि पालकाला ती खोटी वाटली, तर उरलेल्या खऱ्या गोष्टीही तो मानत नाही.

ग्यालरीचं आधी. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी आणत नाही. त्यामुळे ‘एसी चालू आहे, धूर निघून जातो’ हे चुकीचं. बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावून ओढणाऱ्यांचा धूर डक्टमधून वरच्या घरांत शिरतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा (तिथल्या सरकारच्या आरोग्यप्रमुखाचा) २००६ चा अहवाल स्पष्ट म्हणतो की दुसऱ्याच्या धुराची कोणतीही सुरक्षित पातळी नाही. वेगळी खोली, पंखा, हवा शुद्ध करणारं यंत्र, कशानेही तो पूर्ण जात नाही. धुराचा मोठा भाग डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ‘आता गेला धूर’ हा अंदाज फसतो. शेवटच्या झुरक्यानंतरही थोडा वेळ श्वासातून कण बाहेर पडत राहतात. ओढून झाल्याबरोबर बाळाला कडेवर घेऊ नये, त्याचं कारण हे.

लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो आणि श्वासनलिका अरुंद असतात, म्हणून त्याच खोलीत त्यांच्या वाट्याला जास्त येतं. बाळदम्याचे झटके, न्यूमोनिया आणि ब्राँकायटिस, मधल्या कानाचा जंतुसंसर्ग, तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू, या सगळ्यांशी धुराचा संबंध पक्का आहे. पण शेवटचं शाळेच्या पोस्टरवर घेऊ नका. ज्या आईने बाळ गमावलंय ती तिथेच उभी असू शकते. शिशुवर्गासाठी कानाचं घ्या. रात्री कान धरून रडणारं मूल जवळजवळ प्रत्येक घराने पाहिलेलं असतं.

मात्र ‘तुमच्या सिगारेटमुळे कान फुटला’ असं लिहायचं नाही. कान सर्दीनेही दुखतो, बाटलीने आडवं दूध पाजल्यानेही दुखतो. ‘तुम्ही सोडलीत की दमा जाईल’ हेही नको. मूल पुढच्याच आठवड्यात धापलं की बाप परत पेटवतो आणि म्हणतो, सोडून काय मिळालं? «धूर नसेल तर झटका येण्याचं एक मोठं कारण घरातून जातं», हे खरं आहे आणि टिकतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट कपड्यांवरच्या धुराची आहे. निकोटिन आणि धुराचे कण पडदे, उशांचे अभ्रे, सोफा, केस, शर्ट यांवर बसतात आणि आठवडेच्या आठवडे राहतात. उशीवर मूल गाल टेकून झोपतं, सोफ्याचा हात चाटतं. २००९ मध्ये पीडिअॅट्रिक्स या नियतकालिकात आलेल्या एका सर्वेक्षणात, ज्यांना हा बसलेला धूर मुलांना घातक वाटत होता, त्यांच्या घरात ‘आत ओढायची नाही’ हा नियम असण्याचं प्रमाण जास्त दिसलं. यावर असा संदेश करता येईल:

«सिगारेट विझवल्यावर दहा मिनिटांनी शर्टाच्या खिशापाशी नाक नेऊन बघा. मूल कडेवर असतं तेव्हा त्याचं नाक तिथेच असतं.»

पुढे काहीच लिहायची गरज नाही, खाली फक्त नंबर.

थोटकांवरही एक संदेश हवा. ग्यालरीतल्या कुंडीत खोचलेलं थोटूक रांगतं बाळ तोंडात घालतं, आणि थोटकात निकोटिन शिल्लक असतं. थोटकं झाकणाच्या डब्यात, मुलाच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर.

तुमची वेळ योग्य आहे. पाऊस सुरू झाला की आपल्याकडे खिडक्या बंद होतात, ओले कपडे घरातच वाळतात, भिंतींना ओल येते आणि मुलांच्या छात्या भरायला लागतात. जूनचा पहिला संदेश यावरच घ्या: खिडक्या बंद व्हायच्या आत घरातला धूर बंद. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्यासाठीही हेच, दुसऱ्याच्या धुराने बाळाचं वजन कमी भरू शकतं.

खडू_फळा
मुलांकडून पत्रं लिहून घेऊ नका. कळकळीने सांगतोय.

पत्र घरी गेल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. बाबा हसून बाजूला ठेवतात, बाबा चिडतात (आणि काही घरांत चिडणं शब्दांवर थांबत नाही), किंवा बाबा खरंच सोडतात. तिसऱ्या वेळीही धोका उरतो. दहा दिवसांनी त्यांनी परत ओढली की सात वर्षांच्या मुलाला वाटतं, माझ्यामुळे झालं, माझं पत्र चांगलं नव्हतं. मोठ्या माणसाच्या व्यसनाची राखण मुलाच्या डोक्यावर द्यायची नाही. तीच गोष्ट ‘बाबा ओढताना दिसले तर बाईंना सांगा’ची. असं एकदा झालं की घरातलं काहीच शाळेपर्यंत येत नाही.

मुलांना सामील करायचंच असेल तर सिगारेटचं नावही न घेता करा. बहुतेकांची जेवणानंतरची सिगारेट सुटायला सगळ्यात कठीण असते. त्या वेळेला मुलांचा गृहपाठ ठेवा: जेवण झाल्यावर दहा मिनिटं घरच्या मोठ्या माणसाबरोबर खाली जाऊन काहीतरी मोजायचं. झाडं, रिक्षा, चालू दिवे, काहीही. मुलाला त्यात खेळ दिसतो, मोठ्यांची ती वेळ भरून निघते. संदेश मात्र पालकाला वेगळा जाऊ द्या.

समुपदेशकांनी म्हटलेली शरम टाळायची असेल तर सभेत ‘कोण कोण ओढतं’ असे हात वर करायला लावू नका. सगळ्या २४० घरांना एकच चिठ्ठी द्या, नाव न घालता. प्रश्न माणसाबद्दल नको, घराबद्दल असावा: ‘आमच्या घरात बिडी-सिगारेट… कुणी ओढत नाही / घराबाहेर / ग्यालरीत किंवा जिन्यात / खोलीत’. खाली दुसरा प्रश्न: ‘मदत हवी आहे का?’ ज्यांना हवी त्यांनीच फोन नंबर लिहावा. नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या वर्गशिक्षकांकडे न जाता समितीतल्या एकाच व्यक्तीकडे जमा व्हाव्यात.

सासऱ्यांची अडचण बहुतेक घरांत निघेल. सून आबांना ‘बिडी बाहेर ओढा’ असं म्हणू शकत नाही आणि मुलगा म्हणत नाही. तिथे शाळेच्या शिक्क्याचं पत्र कामी येतं: ‘माननीय आजोबा’ असं लिहून, नातवाच्या छातीसाठी घर धूरमुक्त ठेवण्याची विनंती. घरातल्या कुणाच्या तोंडून न येता शाळेकडून आलं की आबांचा मान राहतो. सोडण्याचा आग्रह त्या पहिल्या पत्रात नको.

एक संदेश थेट नियमाचा असावा. मुलाला टपरीवर पाकीट आणायला पाठवू नका. १८ वर्षांखालच्याला तंबाखूचा पदार्थ विकणं गुन्हा आहे, आणि मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शाळेपासून १०० यार्डांत विक्रीला बंदी आहे, आणि महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट-बिडी विकायलाही. गेटसमोर टपरी असेल तर पोस्टर लावण्याआधी तिचं बघा. संदेश आत आणि सुटी सिगारेट बाहेर, हे पालकाला पहिल्याच दिवशी दिसतं.

ऐरोली_पालकसंघ
मनापासून आभार. पत्रांची कल्पना रद्द करायला मी समितीला सांगते. दोन शंका. ‘कशी सोडू’ विचारणाऱ्याला फोन नंबरापलीकडे काय सांगायचं? आणि काही जण म्हणतात सिगारेट सोडून तंबाखू मळतो, मग धूरही नाही. त्याला काय उत्तर द्यायचं?

औषधदुकान_नौपाडा
दुसरं आधी. तंबाखू मळणं म्हणजे सोडणं नाही. निकोटिन तेच राहतं आणि कॅन्सर फुप्फुसाऐवजी तोंडात होतो. आपल्या राज्यात धुरापेक्षा तंबाखू, मावा, मिश्री यांचंच प्रमाण कितीतरी जास्त आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, त्यात ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. म्हणून एखादा संदेश चघळणाऱ्यांसाठीही करा. ई-सिगारेट हाही पर्याय नाही, २०१९ पासून देशात तिच्यावर बंदी आहे.

आता ‘कशी सोडू’चं. निकोटिनची गम मिळते, म्हणजे सिगारेटऐवजी थोडं निकोटिन देऊन तलफ कमी करणारं च्युइंगगम. लोक ती घेतात आणि आठवड्याने येऊन म्हणतात, ‘काही उपयोग नाही, नुसती उचकी लागते.’ कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, साधं च्युइंगगम समजून भराभर चावली. चावल्याने सुटलेलं निकोटिन लाळेबरोबर पोटात गेलं की उचकी, मळमळ, जळजळ होते आणि तलफेवर काही होत नाही, कारण ते गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. म्हणून हळू चावायची. तिखट, चुरचुरती चव आली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. चव गेली की परत दोन-चारदा चावायचं, परत दुसऱ्या बाजूला ठेवायची. असं साधारण अर्धा तास.

चहाची गोष्ट कुणी सांगत नाही. चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंडातलं आम्ल वाढतं आणि निकोटिन शोषलं जात नाही. गम घेण्याआधी १५ मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही नको. टपरीवर कटिंग घेता घेता गम चघळणाऱ्याची गम वाया गेली समजा.

मात्रा: उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची लागते, उशिरा ओढणाऱ्याला २ ची पुरते. २ ची चिठ्ठीशिवाय मिळते, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी, आणि मग बंद. दिवसात २४ च्या वर जायचं नाही. बहुतेक जण उलट चूक करतात, दिवसाला दोन-तीनच घेतात आणि चौथ्या दिवशी सिगारेटकडे वळतात. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, गरोदरपण असेल किंवा मूल अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कवळी असेल तर गम चिकटते, अशा वेळी निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) बरा पडतो. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्या डॉक्टरांनीच द्यायच्या, आपल्या संदेशात त्यांची नावंही नकोत.

पालकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गमची पट्टी मुलांपासून लांब, कुलपात ठेवा. ती पुदिन्याच्या गोळीसारखी दिसते. लहान मुलाला एक-दोन गमनेही विषबाधा होऊ शकते. चघळून झालेली कागदात गुंडाळून टाका.

आणखी दोन गोष्टी. सिगारेटच्या धुराने यकृत कॅफिन भराभर संपवतं. सोडली की तेच चार चहा जास्त चढतात. हातपाय थरथरतात, झोप उडते, आणि माणूस ते सिगारेट सुटल्यामुळे झालं असं धरून बसतो. पहिल्या आठवड्यात चहा निम्म्यावर आणायचा. याच कारणाने दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलांझापिन घेणाऱ्यांनी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, सोडल्यावर त्यांची मात्रा बदलावी लागू शकते.

समुपदेशक_वाशी
औषधांचं छान सांगितलंत. वेळापत्रक मी मांडतो.

तीन आठवड्यांत नऊच संदेश, आठवड्याला तीन. रोज आले की लोक गट म्यूट करतात. पहिल्या आठवड्यात घर: ग्यालरी, शर्ट, खिडक्या. दुसऱ्यात तयारी: तारीख ठरवणं, पैशाचा हिशोब, गम कशी घ्यायची. तिसऱ्यात सोडल्यानंतरचे दिवस. तारीख दोन आठवड्यांच्या आतली असावी, त्यापुढची बहुधा येतच नाही. पाळीत काम करणाऱ्याने रात्रपाळीच्या मध्यात सोडू नये, साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी सुरू करावं म्हणजे सगळ्यात वाईट पहिले दोन दिवस तरी बरे जातात. लग्नाचा, हळदीचा दिवस नको. आदल्या रात्री पाकीट, लायटर, राखेचं भांडं, सगळं घराबाहेर. ‘एक इमर्जन्सीला ठेवतो’ म्हणून ठेवलेली तिसऱ्या दिवशी पेटतेच.

संदेश तलफेच्या आधी पोचला पाहिजे. दिवसपाळीवाल्यांना रात्री साडेआठच्या सुमारास, जेवणाआधी. रात्रपाळीवाल्यांची वेगळी यादी करून संध्याकाळी सहाला. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ च माणसं बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्यांना तो संदेश जातच नाही. सभेतच सगळ्यांना नंबर सेव्ह करायला लावा, नाहीतर निम्म्या घरांना काही मिळणार नाही आणि तुम्हाला कळणारही नाही. सगळ्यांच्या सामाईक गटात हे टाकू नका. तिथे कुणीतरी हसण्याचं चित्र टाकतं आणि ज्याला खरंच विचारायचं होतं तो गप्प बसतो.

तलफेच्या संदेशात चारच कामं: थांबा, दीर्घ श्वास घ्या, घोट घोट पाणी प्या, हाताला दुसरं काम द्या. तलफेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटांत उतरते, हे आकड्यासकट सांगा. ‘कधीतरी जाईल’पेक्षा ‘पाच मिनिटं’ सोसायला सोपं.

आणि घसरल्याचा संदेश विसरू नका. नववा तोच असू द्या:

«एक ओढली गेली? सोडणं संपलं नाही. उरलेली आत्ता पाण्यात भिजवून टाका आणि कुठे, कुणाबरोबर, कशानंतर ओढली ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्या जागेसाठी आधीच काहीतरी ठरवता येईल. सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकाहून जास्त प्रयत्न लागतात.»

१८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा आहे, नंबर पाकिटावरही असतो. पहिल्या फोनवर ते तारीख ठरवून देतात आणि पुढे स्वतः फोन करून विचारपूस करतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं प्रादेशिक केंद्र आहे. छापायच्या आधी तुम्ही स्वतः एकदा लावून बघा, मराठीतून बोलायला काय दाबावं लागतं आणि फोनची वेळ काय हे कळेल, ते पोस्टरवर लिहा. समोरासमोर बोलायचं असेल तर जिल्हा रुग्णालयाचं तंबाखूमुक्ती केंद्र आहे, आणि नेरूळ-खारघरच्या दंत महाविद्यालयांतही विचारता येईल.

पोस्टर गेटवर, पण फाडून न्यायच्या नंबराच्या पट्ट्या तिथे नकोत, चारचौघांत कुणी फाडत नाही. पट्ट्यांचं पोस्टर पालकांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

ऐरोली_पालकसंघ
काल रात्री नव्याने तीन लिहिले. बघता का?

क) «खिडक्या बंद व्हायच्या आत घरातला धूर बंद. यंदा पावसाळ्यात घरात आणि ग्यालरीत कुणीही ओढणार नाही, असं आज जेवताना सगळ्यांनी मिळून ठरवा. १८००-११-२३५६»

ख) «सोडायची तारीख ठरली? कॅलेंडरवर तुमच्या हाताने गोल करा. मुलांना कारण सांगायची गरज नाही.»

ग) «आज तिसरा दिवस. चिडचिड होणारच, ती उतरणारही आहे. मुलांवर राग निघाला तर व्यसन सोडणारे म्हणून स्वतःला माफ करा आणि पाच मिनिटं खाली चालून या.»

बालविभाग_परिचारिका_ठाणे
क उत्तम. ख मध्ये ‘दोन आठवड्यांच्या आतली तारीख’ हे शब्द घाला. ग बदला, राग निघाल्यावर माफी मुलाची मागायची असते. असं करा: «आज तिसरा दिवस. चिडचिड होणारच, ती उतरणारही आहे. आवाज चढतोय असं वाटलं तर पाच मिनिटं खाली चालून या. मुलांवर ओरडलात तर परत आल्यावर जवळ घेऊन सांगा: तुझं काही चुकलं नाही.»

समुपदेशक_वाशी
हाच घ्या. आणि ग फक्त तारीख कळवलेल्यांनाच, त्यांच्या तिसऱ्या दिवशी, एकेकाला पाठवा. सगळ्यांना एकाच दिवशी गेला तर ज्याने अजून सोडलेलीच नाही त्याला तो दुसऱ्याचा वाटेल.